जॉर्ज हॅरिसन एकटा झाला नव्हता

१९६८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. स्टुडिओ ऑफिसांच्या वर होता. ऑफिसं सुटली की जिना उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचा आवाज थेट माइकमध्ये शिरायचा. रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज तर काही तुकड्यांत राहूनच गेला. ही आठवण जॉर्ज हॅरिसननेच पुढे सांगितलेली आहे. तेव्हा बीटल्स जगातला सगळ्यात गाजलेला ग्रुप होता आणि लंडनमध्ये त्यांच्यासाठी ईएमआयचा स्टुडिओ रात्र-रात्र उघडा राहायचा. त्या ग्रुपचा गिटारवाला इथे येऊन संतूर, सरोद, शहनाई, बासरी वाजवणाऱ्यांसमोर बसला होता आणि जिना शांत व्हायची वाट बघत होता.

या रेकॉर्डिंगमधून आणि लंडनमध्ये केलेल्या कामातून 'वंडरवॉल म्युझिक' ही एलपी तयार झाली. ती नोव्हेंबर १९६८ मध्ये आली. बीटल्सपैकी कुणीही स्वतःच्या नावाने काढलेली ही पहिली रेकॉर्ड. ग्रुप फुटायला अजून दीड वर्ष होतं. या पहिल्यावहिल्या 'सोलो' रेकॉर्डवर जॉर्ज गातच नाही. एका चित्रपटासाठी केलेलं ते संगीत आहे आणि त्यात ऐकू येतात ती इतरांची वाद्यं: शिवकुमार शर्मांचं संतूर, आशिष खाँ यांचं सरोद. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचा वाद्यांचा भाग झाला, त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. ज्याला आपण एकट्याचा प्रवास म्हणतो त्याची सुरुवात मुंबईत, अशी माणसांच्या गराड्यात झाली.

म्हणून मला वाटतं, 'सोलो' या शब्दाने आपली दिशाभूल केली आहे. ग्रुप सोडणारा कलावंत सोबत सोडतो असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं आहे की तो बहुतेक वेळा उतरंड सोडतो. कुणाचं गाणं आधी, कुणाचं नंतर, कुणाचं उरलं तर घ्यायचं, हे ज्या घरात कायमचं ठरून गेलेलं असतं त्या घरातून तो बाहेर पडतो. आणि बाहेर पडल्यावर जे श्रोते त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जुनंच मागतात ते त्याला हाताला धरून त्याच जुन्या पायरीवर नेऊन बसवतात. प्रेमापोटी बसवतात, हे खरं. पण बसवतात.

हे मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या गणेशोत्सवात एका गायकाचा कार्यक्रम होता. आधी तो एका ऑर्केस्ट्रात गायचा. तिथे त्याचं एक गाणं ठरलेलं होतं, दुसऱ्याच मोठ्या गायकाचं, आणि ते तो इतकं हुबेहूब गायचा की वन्स मोअर घेतल्याशिवाय मंडपातलं कुणी हलायचं नाही. आता तो स्वतःच्या चाली घेऊन आला होता. सोबत तबला, हार्मोनियम आणि व्हायोलिन वाजवणारी एक तरुण मुलगी. मी फर्माइशीची चिठ्ठी पाठवली. दोन गाणी झाल्यावर दुसरी पाठवली. तिसरी चिठ्ठी हातात पडली तेव्हा त्याने ती उघडून वाचली, चार घड्या घालून कुर्त्याच्या खिशात ठेवली आणि त्या मुलीकडे बघून मान हलवली. पुढची चाल सुरू झाली आणि मी उठून घरी आलो. ती चाल कशी होती ते मला आजही माहीत नाही. ही गोष्ट मला पुष्कळ वर्षं टोचते आहे आणि हॅरिसनबद्दल लिहायला बसलो त्याचं निम्मं कारण तीच आहे.

तर आधी ती उतरंड कशी होती ते पाहू, कारण ती कुणी दुष्टपणाने रचलेली नव्हती. जॉर्ज हा लिव्हरपूलच्या एका बस-चालकाचा मुलगा, जन्म २५ फेब्रुवारी १९४३, चौघांत सगळ्यात लहान. पॉल मॅकार्टनीशी त्याची ओळख शाळेच्या बसमध्ये झाली आणि जॉन लेननला त्याने गिटार वाजवून दाखवली तीही बसच्या वरच्या मजल्यावर. १९६० मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवत असताना पोलिसांनी त्याला इंग्लंडला परत पाठवलं. वय १७, रात्रीच्या क्लबात काम करायला कमी पडलं. घरातल्या धाकट्याची जी जागा असते ती त्याला पहिल्या दिवशी मिळाली आणि जग पायाशी आल्यावरही ती बदलली नाही.

एका एलपीवर साधारण चौदा गाणी. त्यांपैकी जॉर्जच्या वाट्याला एक, फार तर दोन. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'वर तीन आली, ती मोठी गोष्ट झाली. बीटल्सच्या दोनशेहून जास्त गाण्यांपैकी त्याची गाणी भरतात २२. सुरुवातीला हा हिशेब रास्तच होता. त्याचं पहिलं गाणं १९६३ चं, 'डोन्ट बॉदर मी'. हॉटेलात आजारी पडून असताना आपल्याला गाणं लिहिता येतं का ते बघण्यासाठी त्याने ते लिहिलं आणि ऐकताना ते तसंच वाटतं. लेनन आणि मॅकार्टनी ही ग्रुपची गाणी लिहिणारी जोडी त्या वेळी आठवड्याला सोनं काढत होती. त्यांच्या बरोबरीने त्याला जागा द्या असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर तो हट्ट ठरला असता.

पण माणूस वाढतो आणि घराला ते दिसत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्याला समजावून सांगायला नको. सप्टेंबर १९६८ मध्ये 'व्हाइल माय गिटार जेन्टली वीप्स' या गाण्याला ग्रुपमध्ये कुणी मनापासून हात लावेना. शेवटी जॉर्जने आपला मित्र एरिक क्लॅप्टन याला स्टुडिओत आणलं. बाहेरचा पाहुणा आल्यावर सगळे नीट वागू लागले, नेटाने वाजवू लागले. जॉर्ज ही गोष्ट पुढे मोकळेपणाने सांगायचा. मला ती फार वाईट वाटते. स्वतःच्या घरात स्वतःचं म्हणणं ऐकलं जावं म्हणून शेजाऱ्याला बोलावून बसवायचं, यात जे काही मोडलेलं होतं ते पुढच्या कुठल्याही भांडणापेक्षा मोठं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो अमेरिकेत वुडस्टॉकला बॉब डिलन आणि 'द बँड' या ग्रुपच्या मंडळींबरोबर काही दिवस राहून आला. तिथे पाच जण होते आणि पाचही जणांचं ऐकलं जात होतं, आवाजही आलटून-पालटून लागत होते. तिथून परतला तो थेट बीटल्सच्या जानेवारी १९६९ च्या ट्विकनहॅमच्या तालमीत. थंडगार फिल्म स्टुडिओ, समोर सतत कॅमेरे आणि कुणी काय वाजवायचं यावरून ओढाताण. त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणं पुढे ठेवलं. तालमी झाल्या, पुन्हा झाल्या आणि गाणं बाजूला पडलं. १० जानेवारीला जेवणाच्या वेळेला तो उठला आणि निघून गेला. त्या दिवशीची त्याची डायरी आहे. उठलो, ट्विकनहॅमला गेलो, जेवणापर्यंत तालीम केली, बीटल्स सोडले, घरी आलो, अशा तऱ्हेची नोंद. किराणा आणल्याची लिहावी इतकी साधी. घरी येऊन त्याच दिवशी त्याने 'वा-वा' हे गाणं लिहिलं.

तो परत आला, काही दिवसांनी आणि आपल्या अटींवर. पण आतून निघून गेलेला माणूस परत येतो तेव्हा काय परत येतं हे आपल्याला ठाऊक असतं.

यात पैशाची बाजूही होती. गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या नॉर्दर्न साँग्ज या कंपनीचे शेअर १९६५ मध्ये बाजारात आले तेव्हा लेनन आणि मॅकार्टनी यांचा वाटा प्रत्येकी १५ टक्के होता. जॉर्ज आणि ड्रम वाजवणारा रिंगो स्टार या दोघांचा मिळून १.६ टक्के. म्हणजे जॉर्जने स्वतः लिहिलेल्या गाण्यावर कंपनीला जो नफा व्हायचा त्यातला मोठा घास शेजारी उभं राहून गिटार वाजवणाऱ्या दोघांना मिळायचा. १९६८ मध्ये करार संपला तसं त्याने स्वतःच्या गाण्यांचे हक्क स्वतःच्या कंपनीकडे घेतले. ग्रुप का फुटला याच्या चर्चेत आजही लोक एका बाईचं नाव घेऊन मोकळे होतात. लेननची बायको योको ओनो हिला पन्नासहून जास्त वर्षं हा दोष चिकटवला गेला. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

आणि याच काळात ते घर ज्याला धाकटा समजत होतं त्याने 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन' लिहिली. दुसरं गाणं तर धंद्याच्या बैठकीला दांडी मारून, क्लॅप्टनच्या बागेत, वसंतातल्या उन्हात सुचलेलं. 'समथिंग' ऑक्टोबर १९६९ मध्ये सिंगल म्हणून आलं. जॉर्जचं गाणं रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर यायची ही पहिलीच वेळ. 'हिअर कम्स द सन'चं सांगायचं तर २०२३ मध्ये स्पॉटिफायवर ते शंभर कोटी वेळा ऐकलं गेल्याची नोंद झाली. बीटल्सच्या कुठल्याही गाण्याने हा आकडा पहिल्यांदा गाठला. ज्याला एलपीत जागा मागावी लागायची त्याचं गाणं आज त्या ग्रुपचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं आहे. अर्थात ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या पडद्यावर नाव येतं ते बीटल्सचंच.

आता बाहेर पडल्यावर त्याने काय केलं ते बघा. डिसेंबर १९६९ मध्ये, म्हणजे कागदोपत्री अजून बीटल असताना, तो डिलेनी आणि बॉनी या जोडीच्या दौऱ्यात सामील झाला आणि मागे, बाकीच्या वादकांच्या रांगेत उभा राहून गिटार वाजवू लागला. जगातल्या चार सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी हा एक, आणि साथीदार म्हणून मागे उभा राहतो! तिथे त्याने तारेवर नळी सरकवून वाजवायची स्लाइडची पद्धत हाताखाली घातली. तोवर पंडित रविशंकरांकडे शिकून सतारीत काही वर्षं गेली होती आणि आपण मोठे सतारिये होणार नाही हे त्याने स्वतःशी कबूल केलं होतं. सतार खाली ठेवली, पण तिची मींड त्याच्या कानात राहिली होती. पुढची तीस वर्षं त्याची स्लाइड ज्या तऱ्हेने एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाते, वाटेत रेंगाळते, सूर गाठण्याआधी त्याला खालून स्पर्श करते, ते ऐकताना आपल्याकडच्या कानाला लगेच ओळख पटते. ज्या मुलाला ग्रुपमध्ये 'इथे असं वाजव' म्हणून सांगितलं जायचं त्याचा स्वतःचा आवाज असा, दुसऱ्यांच्या साथीला उभं राहून सापडला.

'ऑल थिंग्ज मस्ट पास' नोव्हेंबर १९७० मध्ये आला. तीन एलपींचा जाड खोका. मुखपृष्ठावर जॉर्ज आपल्या फ्रायर पार्क या घराच्या हिरवळीवर गमबूट घालून स्टुलावर बसलेला आणि भोवती दाढीवाले चार बुटके पुतळे आडवे-तिडवे पडलेले. चार पुतळे म्हणजे चार बीटल्स, असा अर्थ लोकांनी लगेच लावला. मला त्या चित्रापेक्षा आतली नावांची यादी जास्त बोलकी वाटते. क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, हॅम्बुर्गच्या दिवसांपासूनचा मित्र क्लाउस फूरमान, बॅडफिंगर या ग्रुपची पोरं आणि हो, ड्रम वाजवायला रिंगोसुद्धा. बाजूला पडलेली कित्येक वर्षांची गाणी या लोकांनी मिळून वाजवली. 'वा-वा' आहे, ट्विकनहॅममध्ये मागे राहिलेलं शीर्षकगीत आहे, १९६६ पासून पडून असलेलं 'इझन्ट इट अ पिटी' आहे. तिसरी एलपी तर नुसती सगळ्यांनी मिळून वाजवत सुटल्याचीच आहे. क्लॅप्टनचा 'डेरेक अँड द डॉमिनोज' हा ग्रुप याच रेकॉर्डिंगच्या दिवसांत जमून आला. एका माणसाच्या 'एकट्याच्या' रेकॉर्डमधून दुसरा आख्खा ग्रुप जन्माला येतो, तेव्हा त्याला एकट्याची म्हणायचं कसं? अमेरिकेत ती सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. 'माय स्वीट लॉर्ड' हे एखाद्या माजी बीटलचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं, आणि त्यात हालेलुयापासून हरे कृष्णपर्यंत कोरस एका दमात जातो.

या गाण्याने त्याला पुष्कळ छळलंही. 'ही इज सो फाइन' या जुन्या गाण्याची चाल उचलल्याचा खटला झाला आणि १९७६ मध्ये न्यायालयाने ती नकळत उचलली गेल्याचा निकाल दिला. पुढे त्याच्याच माजी व्यवस्थापकाने त्या जुन्या गाण्याचे हक्क विकत घेऊन त्याच्याविरुद्धचा दावा आपल्या हातात घेतला. ग्रुपच्या भिंती असतात तेव्हा असले वार चौघांत वाटले जातात. बाहेर आल्यावर ते एकट्याने झेलायचे असतात, आणि ही किंमत खरी आहे.

तरी त्याने एकट्याने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे लोक जमवणं. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, भारतात निर्वासितांचे लोंढे येत होते. पंडित रविशंकरांचं मूळ घराणं बंगालचं, ते अस्वस्थ होते, त्यांनी जॉर्जकडे विषय काढला. जॉर्ज फोन घेऊन बसला. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले, मिळून चाळीस हजारांच्या आसपास लोक. मंचावर डिलन, क्लॅप्टन, रिंगो, लिऑन रसेल. आणि आरंभाला रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून झाली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, वाजवून झालं. वाद्यं लावणं इतकं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी शांतपणे म्हणाले. या प्रसंगावर लोक हसतात. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. कळत नव्हतं, पण कान उघडे होते. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. रेकॉर्ड आणि चित्रपटाचे त्याहून कितीतरी मोठे पैसे मात्र करखात्याच्या घोळात वर्षानुवर्षं अडकून पडले, कारण कार्यक्रमाआधी करायची कागदपत्रं झालेली नव्हती. पुढे रॉक संगीतात मदतीसाठी जे मोठमोठे जलसे झाले त्यांची वाट या एका दिवसाने घालून दिली.

तीन वर्षांनी तेच श्रोते वेगळे निघाले. २ नोव्हेंबर १९७४ ला व्हँकुव्हरपासून २० डिसेंबरला न्यूयॉर्कपर्यंत जॉर्जने उत्तर अमेरिकेचा दौरा काढला. माजी बीटलचा तिथला हा पहिलाच दौरा, त्यामुळे लोक काय अपेक्षेने आले असतील त्याची कल्पना करता येते. जॉर्ज सोबत पंडित रविशंकरांचा मोठा ताफा घेऊन आला होता: अल्लारखाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सारंगीवर सुलतान खाँ, व्हायोलिनवर एल. सुब्रमण्यम, गायला लक्ष्मी शंकर. आपल्याकडे यांच्यापैकी एकाचं नाव पत्रिकेवर असलं तरी लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. तिथे ते अनेकांना मूळ कार्यक्रमातला अडथळा वाटले. जॉर्जने बीटल्सची गाणी मोजकीच घेतली आणि घेतली त्यांतही शब्द बदलले. लेननच्या 'इन माय लाइफ'मध्ये त्याने देवाचं नाव घातलं. त्यात त्याचा गळा बसलेला. समीक्षकांनी त्याला फाडून खाल्लं. त्यानंतर १७ वर्षं तो दौऱ्यावर गेला नाही.

इथे श्रोत्यांची बाजू आहे आणि ती मला टाळायची नाही. तिकीट काढलेल्या माणसाला बसलेल्या गळ्याबद्दल तक्रार करायचा पूर्ण हक्क आहे. रेकॉर्ड पुरी करण्याच्या घाईत आणि तालमींत आवाज ओढून ओढून दौऱ्यावर निघायला नको होतं, ही जॉर्जची चूक. दुसऱ्याच्या गाण्याचे शब्द बदलणंही मला रुचत नाही. गाणं नको असेल तर घेऊ नये, पण घेतलं तर त्याची मोडतोड करू नये. चांगलं गाणं ऐकायला मिळावं हा श्रोत्याचा हक्क, आणि त्यात तडजोड नाही. कुठलं गाणं ऐकायला मिळावं, हा मात्र त्याचा हक्क नव्हे. ती फर्माइश आहे. आपल्याकडच्या बैठकीत फर्माइशीला मान असतो, पण तिला नाही म्हणायची मोकळीक गाणाऱ्याकडेच असते. भैरवीची फर्माइश आली म्हणून कुणी मैफल तिनेच सुरू करत नाही. अमेरिकेतल्या त्या सभागृहांत आणि आमच्या गणपतीच्या मंडपात हीच मोकळीक काढून घेतली गेली. तिसरी चिठ्ठी ही विनंती राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ग्रुपमध्ये घासून घासून जे निघालं तसं पुढे निघालं का? 'समथिंग' ऐकताना मॅकार्टनीचा बास काढून बघा, गाणं निम्मं होतं. जॉर्जच्या १९७० च्या दशकाच्या मधल्या काही रेकॉर्डी सैल आहेत, मी त्या निष्ठेने ऐकल्या आहेत आणि तरी सैलच वाटल्या. नाही म्हणणारं कुणी आसपास नसलं की सगळंच बरं वाटू लागतं. हे मान्य. पण यावरून ग्रुपची गरज सिद्ध होते, त्या ग्रुपमधल्या उतरंडीची नाही. नाही म्हणणारा मित्र वेगळा आणि तुझा नंबर तिसरा असं सांगणारी व्यवस्था वेगळी. स्वतः जॉर्जने हा फरक जन्मभर पाळला. १९७८ मध्ये ब्रिटिश विनोदी मंडळी माँटी पायथन यांच्या 'लाइफ ऑफ ब्रायन'मधून मोठ्या कंपनीने ऐन वेळी अंग काढून घेतलं, तेव्हा त्याने आपलं राहतं घर गहाण टाकून तो चित्रपट उभा केला. का, तर तो बघायचा होता म्हणून. आणि १९८७ मध्ये 'क्लाउड नाइन' या रेकॉर्डच्या वेळी त्याला पुन्हा बाहेर आणलं तेही जेफ लिनसारख्या, समोर बसून खरं बोलणाऱ्या सोबत्याने.

पुढच्याच वर्षी 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज' हा ग्रुप जमला. डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी, जेफ लिन आणि जॉर्ज. प्रत्येकाने खोटं नाव घेतलं, सगळे एकाच कल्पित घरातले सावत्र भाऊ. पाचातले दोघे-तिघे असे की त्यांच्या नावावर एकेक स्टेडियम भरावं. रेकॉर्डवर गाण्यांचं श्रेय कुणा एकाला नाही, सगळी विल्बरीजची. ग्रुप सोडलेला माणूस वीस वर्षांनी स्वतःहून ग्रुप काढतो आणि त्यात आधी श्रेयाची भिंत पाडून टाकतो. यापेक्षा स्पष्ट साक्ष मला माहीत नाही. ज्यांना अजून वाटतं की तो सोबतीला कंटाळून बाहेर पडला, त्यांनी ही एक रेकॉर्ड ऐकावी. त्यात तो हसतोय हे ऐकू येतं.

आणि मग, १९९१ च्या डिसेंबरमध्ये, तो क्लॅप्टन आणि त्याच्या वादकांना घेऊन जपानला गेला. १९७४ नंतर पहिलाच दौरा. या वेळी त्याने बीटल्सची गाणी भरपूर घेतली, अट कुणी घातली नव्हती. 'समथिंग', 'टॅक्समन', 'हिअर कम्स द सन', 'पिगीज', 'ओल्ड ब्राउन शू'. सगळी त्याने स्वतः लिहिलेली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्याने ठेवलं होतं 'आय वाँट टू टेल यू', १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'वरचं. मनात पुष्कळ आहे पण बोलायला गेलं की निसटतं, असं सांगणारं हे गाणं बीटल्सनी मंचावर कधीच वाजवलं नव्हतं. पंचवीस वर्षांनी जपानच्या श्रोत्यांनी ते ऐकलं. त्यांच्यासाठी ते जुनं होतं, आणि समोर बसून ऐकायला मात्र कोरं करकरीत.